छडीवाल्या प्रतिक्रियेला उत्तर

शाळांबाहेरच्या मारामाऱ्यांवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाने लांबलचक प्रतिक्रिया लिहिली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी ‘पंख्याखाली बसून प्रवचन झोडणारा रिकामटेकडा पेन्शनर’ आहे. मास्तरांच्या हातात छडी होती तोवर गोव्यातली पोरं सरळ होती, बालहक्काच्या कायद्याने मास्तरांचे हात बांधले. शाळेत सीसीटीव्ही बसवावेत, बसस्टँडवर पोलिस ठेवावा. आणि समुपदेशनाचे गोडवे गाताना मार खाल्लेल्या मुलाला मी विसरलो.

टीकेचं मला वावडं नाही. डिचोली तालुक्यात हायस्कुलात शिकवत होतो तेव्हा पालक टेबलावर हात आपटून बोलायचे. पण समोर उभे राहून, स्वतःचं आणि मुलाचं नाव सांगून. तुम्ही मध्यरात्री, नाव न देता, माझी पेन्शन काढता. मुलांना शिस्त लावायची चिंता करणाऱ्या माणसाची ही भाषा!

सीसीटीव्हीचं मान्य. फाटकाबाहेर एक कॅमेरा हवा. ‘सुरुवात कोणी केली’ यावर हेडमास्तरांच्या खोलीत चालणारा तासाभराचा वाद तरी वाचेल. शाळा सुटताना पोलिस फिरकला तर त्यालाही माझी ना नाही. बघा, तुमचं जे पटलं ते पटलं म्हणतो मी.

आता छडी. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतल्या एका शाळेत मी शिकलो. वेताची छडी तळहातावर खाल्ली आहे, त्यामुळे तिची महती मला कोणी सांगू नये. आमच्यात मारामाऱ्या होत नव्हत्या? होत होत्या, फक्त मास्तरांच्या डोळ्यांसमोर नाही. शाळा सुटली की व्हाळाच्या कडेला. एकाचं डोकं फुटलं होतं. घरी त्याने सांगितलं, काजूवरून पडलो. कारण मास्तरांना कळलं तर मारणाऱ्याला छडी, आणि ‘तू काय केलंस म्हणून त्याने मारलं?’ असं विचारून मार खाणाऱ्यालाही. दोन-तीनदा असं झालं की पोर सांगायचंच सोडतं. तुम्ही ज्यांना सरळ म्हणता ती ही गप्प बसलेली पोरं.

शाळेतली शारीरिक शिक्षा आपल्याकडे 2003 च्या गोवा बाल कायद्याने बंद केली. देशभर तीच गोष्ट 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमात आहे. 2003 च्या आधी गोव्यात रामराज्य होतं असं तुम्हाला वाटत असेल तर अहो पात्रांव, तुम्ही तेव्हा एक तर फार लहान होता, नाही तर मारणाऱ्यांच्या बाजूला होता.

आणि समजा, छडी परत आणली. ती चालवणार कुठे? बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये? ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर, अटेंडंट दाराशी लहानग्यांना उतरवण्यात, आणि मागच्या सीटवर दहावीवाल्यांचं राज्य. कदंबच्या, म्हणजे आपल्या सरकारी बसच्या स्टँडवर? तिथे शाळा सोडलेली, बाइक घेऊन येणारी मुलंही असतात, ती कुठल्या हेडमास्तरांची? आदल्या रात्री इन्स्टाग्रामवर कोणी कोणाच्या आईवरून काही लिहिलेलं असतं, दुपारी स्टँडवर त्याचा हिशेब चुकता होतो. गंमत अशी की सकाळच्या प्रार्थनेपर्यंत हे अर्ध्या वर्गाला ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त स्टाफरूमला. त्या अर्ध्या वर्गातल्या एकाने कोणा मोठ्या माणसाला वेळेवर सांगितलं तर भांडण थांबतं, आणि तो माणूस छडीवाला असेल तर कोणी सांगत नाही. एवढंच मी लेखात लिहिलं होतं.

याला तुम्ही प्रवचन म्हणता, म्हणून पुरावाही देतो. आपल्या गोव्यातच उभ्या राहिलेल्या ‘संगाथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 74 हायस्कुलांत प्रयोग केला. तो 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काही शाळांत प्रशिक्षण दिलेला, पण मानसोपचारतज्ज्ञ नसलेला समुपदेशक नेमला, काही शाळांत तेच काम शिक्षकाकडे दिलं, काही शाळा तुलनेसाठी ठेवल्या. समुपदेशकाच्या शाळांत नववीतल्या मुलांमधली दादागिरी आणि मारहाण कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. जन्मभर शिक्षकी केलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल? पण मला ते खरं वाटतं. जो गुण देतो, नापास करतो, घरी चिठ्ठी पाठवतो, त्याच्यापाशी पोर मन कशाला मोकळं करील? आपल्याकडे मात्र समुपदेशक बाईंच्या वाट्याला एकाहून जास्त शाळा येतात. सोमवारी घडलेलं सांगायला मुलाने गुरुवारची वाट बघायची. त्यावर चार ओळी खरडल्या असत्या तर तुमचे आभार मानले असते.

राहिला मार खाल्लेल्या मुलाचा प्रश्न. तो वेगळा विषय आहे, त्यावर सवडीने लिहीन. इथे ओढून आणण्याचं कारण नव्हतं. तो लेख येईल तेव्हा अवश्य प्रतिक्रिया द्या, फक्त त्या खेपेला नाव लिहा.