तेवीस आकृत्या आणि एक सारखेपणा

प्रबंधातील तेवीस आकृत्या एकसारख्या दिसाव्यात, एवढीच माझी माफक इच्छा होती. कच्चा मसुदा चाळताना मार्गदर्शक म्हणाले, "चित्रांचे आकार जरा सारखे करा." संध्याकाळपर्यंत होईल, असे मी सांगून टाकले. कोणती संध्याकाळ, हे सांगितले नव्हते, ते पुढे फार उपयोगी पडले.

माझे सगळे लेखन लॅटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पाने जुळवणाऱ्या प्रणालीत, असते. तेथे चित्राचा कोपरा माउसने धरून ओढण्याची सोय नाही. चित्र केवढे हवे, ते आज्ञेतच लिहून द्यावे लागते. मी प्रत्येक आज्ञेत 'स्केल' म्हणून ०.५ लिहिले, कारण सगळी निम्मी केली की सगळी सारखी होणार, असा माझा सरळ हिशेब होता. मात्र निम्मी कशाच्या, हे विचारायचे राहिले. १२०० पिक्सेल रुंदीच्या चित्राच्या फाइलमध्ये ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) अशी नोंद असेल, तर त्याची मूळ रुंदी ४ इंच धरली जाते. तेवढ्याच पिक्सेलच्या दुसऱ्या चित्रात अशी नोंदच नसेल, तर लॅटेकमागे पीडीएफ बनवणारे पीडीएफ-टेक मुकाट्याने ७२ डीपीआय गृहीत धरते आणि ते १६ इंचांच्याही पुढे जाते. निम्मे केल्यावर पहिले २ इंचांवर आले आणि टपाल तिकिटासारखे दिसू लागले. दुसरे ८ इंच उरले आणि उजवा समास ओलांडून कागदाबाहेर निघाले. मजकूर ओळीबाहेर गेल्याची 'ओव्हरफुल एचबॉक्स' ही सूचना लॉगमध्ये आली होती, पण ती मला इतकी वर्षे रोज भेटते की आता आम्ही एकमेकांना ओळख दाखवत नाही.

मग स्केल काढून सर्वत्र 'टेक्स्टविड्थ', म्हणजे पानावरच्या मजकुराएवढी, रुंदी दिली. क्रमवार यादीच्या आत बसलेली दोन चित्रे यादीच्या इंडेंटाएवढी बाहेर डोकावली. तेथे 'लाइनविड्थ', म्हणजे त्या जागच्या ओळीची रुंदी, लागते, हे कळायला एक दुपार गेली. उंच चित्रांनी अख्खे पान व्यापले म्हणून उंचीही ठरवून दिली, तर वर्तुळांची अंडी झाली. 'कीप-आस्पेक्ट-रेशो', म्हणजे रुंदी-उंचीचे प्रमाण राखा, असे लिहिल्यावर ती पुन्हा गोल झाली.

आता बहुतेक चित्रांची रुंदी अगदी सारखी होती, आणि प्रबंध पूर्वीपेक्षा वाईट दिसत होता. माझी ओळ ३४५ पॉइंट, म्हणजे सुमारे १२ सेंटिमीटर रुंद आहे. १२ इंच रुंद काढलेला आलेख तेवढ्यात कोंबला, तेव्हा अक्षांवरची १० पॉइंटांची अक्षरे ४ पॉइंटांवर आली; शेजारच्या पानावर ३ इंचांची लहानशी आकृती ताणली गेली आणि तिची तेवढीच अक्षरे १६ पॉइंटांची झाली. एक आलेख कानात कुजबुजत होता आणि दुसरा छतावरून ओरडत होता. तेव्हा कुठे लक्षात आले की सारखी हवी होती ती अक्षरे. चौकटींच्या मागे मी उगाच लागलो होतो.

उपाय सोपा असून चीड आणणारा निघाला: चित्र छापायचे त्याच मापात काढायचे, अक्षरे ८ पॉइंटांची ठेवायची आणि लॅटेकमध्ये स्केल १ देऊन त्याला हातही लावायचा नाही. सहा आलेखांचा मूळ कोड सापडला नाही. 'अंतिम', 'अंतिम-२' आणि 'खरोखर अंतिम' या तिन्ही फोल्डरांत एकाच आलेखाच्या तीन प्रती होत्या. ते सहा आलेख पुन्हा लिहिले.

शेवटी तेवीसही आकृत्यांतील अक्षरे एका मापाची झाली. मार्गदर्शकांनी मसुदा पाहिला आणि एकच शेरा दिला: "आकृती ७ जरा मोठी करता येईल का?"

मी निमूटपणे तिला १.१ स्केल दिले. त्या आकृतीत आता ८.८ पॉइंटांची अक्षरे आहेत. आजवर हे कोणाच्याही लक्षात आलेले नाही. मला मात्र ते पान उघडले की दुसरे काही दिसत नाही.