झाकण फुगलेल्या लिंबाच्या लोणच्याबद्दल

नमस्कार ताई,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत की नागपूरला पोचलेल्या आमच्या गोड लिंबाच्या लोणच्यात पांढरे दाणे होते, रंग काळपट होता, सील न काढलेल्या बरणीचं झाकण फुगलं होतं आणि उघडताना फस्स आवाज होऊन खार बाहेर आला. तुम्ही फोन केलात तेव्हा आमच्याकडून उत्तर मिळालं, "ओला चमचा लागला असेल." सीलबंद बरणीत चमचा जाणार कुठून? त्या उत्तराची मला लाज वाटते. माफ करा.

ते लोणचं खाऊ नका, चाखूनही बघू नका. झाकण फुगलं म्हणजे आत यीस्ट वाढलं. लिंबाच्या आंबटपणापुढे बरेचसे जिवाणू टिकत नाहीत, यीस्ट मात्र टिकतं. ते साखर खातं आणि वायू सोडतं. मीठ आणि साखर भरपूर असली की फोडींतलं पाणी त्याला मिळत नाही, म्हणून ते वाढत नाही. यंदा बऱ्याच गिऱ्हाइकांनी मीठ कमी करायला सांगितलं, म्हणून किलोभर लिंबांना 200 ग्रॅमऐवजी मी 120 ग्रॅम मीठ घातलं आणि साखर आहे तेवढीच ठेवली. इथे गार खोलीत दोन महिने काहीच झालं नाही. मे महिन्यात पार्सलच्या गाडीत तापल्यावर ते फसफसलं. उन्हाळा दरवर्षीच येतो, त्यामुळे दोष उन्हाचा नाही, माझ्या प्रमाणाचा आहे.

पांढऱ्या दाण्यांचं मात्र वेगळं आहे, आणि हे इतरांनीही वाचावं, कारण त्यापायी चांगली लोणची उकिरड्यावर जातात. दाणा चमच्यात घेऊन त्यावर कोमट पाणी घाला. विरघळला तर ते मीठ किंवा साखर. कापसासारखी लव दिसली, मग ती पांढरी असो, हिरवी असो की काळी, तर ती बुरशी. तेव्हा वरचा थर काढून खालचं वापरू नका, कारण तिचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या खाली गेलेले असतात. अख्खी बरणी टाका. फोडी लिबलिबीत होऊन खाराला तार सुटली किंवा ताडीसारखा वास आला, तरी तेच करा.

काळपट रंगाला घाबरू नका. लिंबू मुरतं तसं काळवंडतंच. आजाऱ्याच्या तोंडाला चव यावी म्हणून मऊ भाताबरोबर देतात ते जुनं लोणचं काळंच असतं.

तुमच्याकडे अजून दोन न उघडलेल्या बरण्या आहेत. काच आतून दाबाखाली असेल, म्हणून त्या मोरीत ठेवून, वर फडकं टाकून, तोंड लांब धरून झाकण हळूहळू सैल करा आणि लोणचं टाकून द्या. परत पाठवू नका, वाटेत फुटतील. तिन्हींचे पैसे आज परत केले आहेत. त्याच लॉटमधल्या बरण्या ज्यांच्याकडे गेल्या, त्या सगळ्यांना कालपासून मी स्वतः फोन करते आहे. पुढचा लॉट पुन्हा 200 ग्रॅम मिठाचा असेल.