काळा ठिपका, चायना ग्रास आणि बाबांचा रिपोर्ट

मांजलपूरच्या ताई,

लॅबमध्ये जंतू कसे ओळखतो यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की तुमचा एक मुद्दा अगदी बरोबर आहे, म्हणून हे एवढं लांब उत्तर.

"एक्सएलडीवर काळा ठिपका आला की साल्मोनेला समजा" हे माझं वाक्य तुम्ही पकडलंत. (एक्सएलडी म्हणजे जंतू वाढवायची, जेलीसारखा थर असलेली प्लेट. साल्मोनेला हा जंतूंचा गट, टायफॉईडचा जंतू त्यातलाच.) बाबांना पाच दिवस ताप, स्टूल कल्चर (शौचातले जंतू वाढवून बघणं) निगेटिव्ह, आणि मग दुसऱ्या डॉक्टरांनी केलेल्या ब्लड कल्चरमध्ये साल्मोनेला टायफी, म्हणजे टायफॉईडचा जंतू. "मग तो ठिपका कुठे गेला? पीसीआरच्या (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीच्या) जमान्यात ही शंभर वर्षांपूर्वीची जेली कशाला?" असं तुम्ही विचारता.

आधी माझी चूक. ते वाक्य मी हात आखडता घेऊन लिहायला हवं होतं. एक्सएलडीत झायलोज ही साखर आणि लायसिन हा प्रथिनांचा घटक असतो. साल्मोनेला आधी झायलोज खातो, आम्ल सोडतो, पण साखर संपत आली की लायसिनवर वळतो. त्यामुळे आम्ल मोडतं आणि पिवळा होऊ लागलेला रंग पुन्हा लाल होतो. थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनतो, त्याने मधे काळं पडतं. लायसिन आतड्यातल्या नेहमीच्या ई. कोलायलाही मोडता येतं, म्हणून तर त्याच्यासाठी लॅक्टोज आणि सुक्रोज या साखरा वाढून ठेवलेल्या असतात. तो अधाशासारखा खातो आणि इतकं आम्ल करून ठेवतो की कॉलनी (प्लेटवर दिसणारा जंतूंचा पुंजका) पिवळीच राहते. शिगेला (आमांशाचा जंतू) झायलोजच्या वाटेलाच जात नाही, म्हणून लाल, पण ठिपका नाही. १९६५ मध्ये वेल्टन टेलर यांनी हे मीडियम मांडलं ते मुख्यतः शिगेला सापडावा म्हणून. कुणाला काय खायला घालायचं याचा इतका बारकाईने विचार मी लग्नाच्या पंगतीतही पाहिला नाही.

पण टायफी हायड्रोजन सल्फाइड जेमतेमच बनवतो. ठिपका बारीक येतो किंवा येतच नाही. टीएसआय नावाच्या चाचणीच्या ट्यूबमध्येसुद्धा त्याची नुसती मिशीसारखी काळी रेघ दिसते. पॅराटायफी ए या त्याच्या भावंडाची तर आणखी पंचाईत: त्याला लायसिन मोडता येत नाही आणि काळेपणाही बहुधा नसतोच. आपल्याकडचा एंटेरिक फीव्हर (टायफॉईड-पॅराटायफॉईडचा ताप) याच दोघांचा. म्हणजे माझं वाक्य पाठ करून कुणी ठिपक्याची वाट बघत बसला, तर जो हवा तोच हातचा जाणार. लेखात दुरुस्ती केली आहे.

उलटा घोटाळाही होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एसएस अगार नावाच्या दुसऱ्या मीडियमवर रंगहीन कॉलनी, मधे काळी टिकली, अशी प्लेट बघून मी आनंदाने साल्मोनेलाची नोंद करून टाकली. आमच्या मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त युरियाची ट्यूब हातात दिली. दुपारपर्यंत ती गुलाबी झाली. प्रोटियस होता, युरिया मोडणारा दुसराच जंतू. तेव्हापासून प्लेट बघून मी फक्त संशय घेते. नाव ठरतं ते बायोकेमिकल चाचण्या आणि स्लाइडवर अँटिसीराने (ठरावीक जंतूलाच चिकटणाऱ्या अँटिबॉडींच्या द्रवाने) गुठळ्या झाल्यावर.

आता जेली. शब्द तुम्ही टोमणा म्हणून वापरलात, पण तो चुकीचा नाही. १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे या बाईंनी नवऱ्याला सुचवलं की जंतू वाढवायचं जिलेटिन उन्हाळ्यात वितळतं, तर माझ्या जेलीतलं अगार वापरून बघा. नवरा जंतुशास्त्रज्ञ कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करायचा. मांडवीच्या वाण्याकडे आपण चायना ग्रास म्हणून मागतो ते हेच. ३७ अंशांवर ते घट्ट राहतं, आणि जंतूंना सहसा पचत नाही. मॅककाँकी या शास्त्रज्ञाने त्यात पित्तक्षार घातले, कारण आतड्यात राहणाऱ्याला पित्ताची सवय असते आणि बाहेरच्या पुष्कळांना नसते. जुनं आहे खरं. भाकरीचा तवाही जुनाच आहे.

पीसीआरबद्दल माझी तक्रार नाही. जुलाबाच्या रुग्णात पीसीआरचं पॅनेल (एकदम अनेक जंतू शोधणारी चाचणी) काही तासांत उत्तर देतं. पण ते मेलेल्या जंतूचाही डीएनए दाखवतं, आणि कोणतं औषध लागू पडेल हे बघायला जिवंत जंतू हातात लागतो. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६ पासून अँटिबायोटिक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा टायफॉईड पसरला, तिथे सेन्सिटिव्हिटीशिवाय (कोणतं औषध लागू पडतं ते तपासल्याशिवाय) औषध देणं म्हणजे अंधारात दगड. शिवाय टायफॉईडच्या एका मिलिलिटर रक्तात बहुधा एखाददुसराच जंतू असतो, त्यामुळे थेट रक्तावर पीसीआरही फसतो. म्हणून ब्लड कल्चरला मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त घेतात. "किती रक्त काढताय!" असं पेशंट म्हणतो, आणि आम्ही गप्प बसतो.

बाबांचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात टायफी रक्तात शोधायचा असतो. स्टूलमध्ये तो सापडण्याची शक्यता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढते. तेव्हा पाचव्या दिवशी नुसतं स्टूल पाठवणं हीच मूळ गडबड. त्या निगेटिव्ह रिपोर्टवरून प्लेट खराब होती असं मी म्हणणार नाही, चांगली होती असंही नाही. आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली: ज्या ब्लड कल्चरने बाबांचा जंतू पकडला, ते कल्चरच होतं. बाटलीत वाढ दिसल्यावर त्यातला थेंब मॅककाँकीच्या त्या प्लेटवर ओढतात आणि दुसऱ्या दिवशी रंगहीन कॉलनी बघतात. म्हणजे शेवटी तुमचं काम त्या जेलीनेच केलं.

दोन गोष्टी मात्र कळवा. नमुना घेतल्यापासून लॅबमध्ये पोचेपर्यंत किती वेळ गेला? आणि त्याआधी मेडिकलवाल्याकडून आणलेल्या अँटिबायोटिक अ‍ॅझिथ्रोच्या एक-दोन गोळ्या पोटात गेल्या होत्या का? रिपोर्टच्या कोपऱ्यात नमुन्याची वेळ छापलेली असते. नसेल, तर त्या लॅबशी भांडा. तिथे मी तुमच्या बाजूने.