अर्जावरचा नंबर

आज सकाळी पुण्यातल्या आमच्या कौशल्य प्रशिक्षणाच्या वर्गातल्या मुलींना प्रमाणपत्रे वाटण्याचा कार्यक्रम झाला. शाल-श्रीफळ स्वीकारून झाल्यावर प्रमुख पाहुणे म्हणाले की, वस्तीतल्या या मुलींकडे कौशल्य आहे, पण आत्मविश्वासच नाही. त्यांनी जरा धीट व्हायला हवे. भाषणाच्या मध्येच त्यांचा फोन वाजला आणि तो त्यांनी व्यासपीठावरूनच घेतला. सतरंजीवर बसलेल्या तेवीस मुलींनी शेवटी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि घरी आल्यापासून मला त्या टाळ्यांचाच राग येतो आहे.

मुलींनी शिकावे, कमवावे, हे तुम्हां मंडळींना पटवून देण्याची गरज नाही. मला सांगायचे आहे ते दांडेकर पुलाजवळ राहणाऱ्या, मागच्या तुकडीतल्या एका मुलीबद्दल. बारावी, एमएस-सीआयटी, टायपिंगची मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची परीक्षा, एवढे तिने धुणीभांडी सांभाळून केले होते; टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर ती माझ्याच चुका काढायची. भोसरीतल्या एका कारखान्याच्या कार्यालयात तिची मुलाखत झाली, ती त्यांना पसंत पडली, आणि सोमवारी रुजू व्हा, असे कळवण्यासाठी त्यांनी फोन केला. घरात फोन एकच, तोही भावाच्या खिशात. त्याने ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिला. दीड महिन्याने ती स्वतःच चौकशीला गेली तेव्हा तिला हे कळले, आणि तोवर त्या खुर्चीवर दुसरे कोणीतरी बसले होते.

यात आत्मविश्वास नेमका कोणाचा कमी पडला? जी मुलगी मनपाच्या थांब्यावर बस बदलून एकटी भोसरीला जाते, फाटकावरच्या नोंदवहीत नाव लिहून आत शिरते, आणि नकार आला असे समजून चालण्याऐवजी पुन्हा त्याच फाटकावर जाऊन उभी राहते, तिला धीट व्हायला सांगणारे आपण कोण?

२०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली, वस्त्यांमधून शिवण, ब्यूटी पार्लर, डेटा एन्ट्री यांचे वर्ग निघाले. त्यांचा काहीच उपयोग झाला नाही, असे मी म्हणणार नाही. पण प्रमाणपत्र हाती पडले की आपले काम संपले, अशी आपली समजूत झाली आहे. याच पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था सुरू केली, तेव्हा ससून रुग्णालयात परिचारिकेचे काम शिकणाऱ्या बायकांच्या राहण्याचीही सोय पाहिली गेली, कारण नुसत्या शिकवण्याने भागत नाही हे त्यांना ठाऊक होते. आपल्याला मात्र ते भाषणानंतरच्या चहापर्यंतही लक्षात राहत नाही.

भावाला अगदी खलनायक ठरवता येणार नाही, एवढे मान्य करते. भोसरीहून घरी पोहोचायला रात्रीचे साडेआठ होतात आणि त्यांच्या गल्लीतले दिवे निम्मे बंदच असतात. पण ही काळजी त्याने तिला तोंडावर सांगायला हवी होती; तिच्या वतीने परस्पर फोन ठेवून देण्याचा अधिकार त्याला नव्हता.

आणि आता जे लिहायला मी मघापासून टाळते आहे ते लिहिते. अर्ज भरताना ती ‘मोबाइल क्रमांक’ या रकान्यापाशी थांबली होती. पेन हातात धरून तिने माझ्याकडे पाहिले होते. मी मागच्या मुलीचा अर्ज तपासत होते, मान वर न करताच म्हणाले, “अगं, घरचा टाक, काय फरक पडतो?”

आजच्या तेवीसपैकी सहा जणींकडे स्वतःचा फोन नाही. कार्यक्रमानंतर सतरंजी गुंडाळताना मी एकेकीला विचारले. कपाटात जुना, चालू स्थितीतला फोन पडून असेल तर मला निरोप पाठवा, मी घरी येऊन घेऊन जाईन. काच तडकलेली चालेल, बॅटरी अर्धा दिवस टिकणारी चालेल, घंटी मात्र नीट वाजली पाहिजे. सिमकार्ड ज्या त्या मुलीच्या नावावर आम्ही घेऊ. पहिला फोन मागच्या तुकडीतल्या तिला देणार आहे. येत्या गुरुवारी तिची हडपसरला मुलाखत आहे.