‘एन४ काढा आणि जपानला जा’ वाला फॉरवर्ड आणि माझ्या ताईचे दीड लाख

परवा रात्री साडेदहाला सांगलीहून मावसबहिणीचा फोन. एवढ्या उशिरा म्हणजे कोणीतरी ॲडमिट असणार म्हणून धसकून उचलला तर ताई म्हणे, "अगं ते जपानीचं खरंय ना? शनिवारपर्यंत दीड लाख भरायचेत." कशाचे दीड लाख, तर भाच्याच्या क्लासचे. भाचा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ते सोडून तो एन४ च्या (जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एक लेव्हल, एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड) ‘गॅरंटी बॅच’ला बसणार, आणि हे सगळं मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या एका फॉरवर्डवरून. मी गेली अकरा वर्षं चाकणच्या कारखान्यांत जपानी साहेब आणि आपली माणसं यांच्या मधे उभी राहून दोन्हीकडची बोलणी खातेय, दुभाष्याचं कामच ते, पण घरातल्या एकालाही मला आधी विचारावंसं वाटलं नाही. असो.

फॉरवर्ड भरपूर लांब आहे, त्यातले हिरवे टिकमार्क आणि विमानं काढून सांगते. जेएलपीटी ही जपान सरकारची परीक्षा, एन४ पास झालं की व्हिसा मिळतो. जपानने ५ लाख नोकऱ्या फक्त भारतीयांसाठी काढल्यात. पेपर सगळा ऑप्शनचा, निम्मे मार्क पडले की पास. एन४ म्हणजे बोलता येतं आणि एन२ म्हणजे जपानी माणसासारखं बोलता येतं, ‘म्हणून स्पोकनच्या वेगळ्या क्लासवर पैसे घालवू नका’. सरकारी यादीतले शब्द पाठ करा, कांजी (जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं) लिहायची गरज नाही. सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. आणि शेवटी, मराठी माणसाला जपानी सगळ्यात सोपी. खाली तोच तो ‘जास्तीत जास्त मराठी मुलांपर्यंत पोचवा’.

पोचलं हो. आता उत्तर वाचा.

५ लाखांचं आधी उरकते. ऑगस्ट २०२५ मध्ये आपले पंतप्रधान टोकियोला गेले होते तेव्हा दोन्ही देशांनी मिळून जाहीर केलेला आकडा आहे हा. पण तो पाच वर्षांत दोन्ही दिशांनी होणाऱ्या माणसांच्या देवाणघेवाणीचा आहे, म्हणजे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे धरून. त्यात भारतातून जाणाऱ्या कुशल लोकांचा आकडा ५० हजार दिलाय. तोही अख्ख्या भारतातून आणि पाच वर्षांत. एक शून्य कुठून कुठे गेलं बघा.

सरकारी परीक्षा आणि व्हिसा. परीक्षा जपान फाउंडेशन आणि तिथली दुसरी एक शिक्षणाची संस्था मिळून घेतात, फाउंडेशन तिथल्या परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत येतं, त्यामुळे ‘सरकारी’ म्हणालात तर मी भांडत नाही. व्हिसाचं मात्र साफ खोटं. भाच्याला ज्या कामासाठी पाठवणार म्हणतायत ते काइगो, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची देखभाल. तो ‘तोकुतेइ गिनोउ’ (ठरावीक कौशल्य) नावाचा व्हिसा, २०१९ पासून सुरू झालेला. त्याला एन४ चालतो हे खरं, किंवा त्याच्याऐवजी जेएफटी-बेसिक नावाची कॉम्प्युटरवरची परीक्षा चालते, २५० पैकी २०० मिळवायचे. पण काइगोला त्याशिवाय कामाच्या कौशल्याची एक परीक्षा आणि काइगोच्या जपानीची आणखी एक, अशा दोन द्याव्या लागतात, आणि मग तिकडच्या कुठल्यातरी संस्थेने मुलाखत घेऊन नोकरी द्यावी लागते. हे सगळं झाल्यावर व्हिसा. फॉरवर्डमध्ये पहिली पायरी दाखवलीय आणि गच्चीचा फोटो लावलाय.

‘निम्मे मार्क पडले की पास.’ एन४ ला १८० पैकी ९० हे बरोबर आहे. पण प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागतं हे कोण सांगणार? एन४ ला शब्द-व्याकरण-वाचन मिळून १२० पैकी ३८ आणि ऐकण्याच्या भागात, ज्याला सगळे चोकाई म्हणतात, ६० पैकी १९ तरी हवेत. माझ्याबरोबर एन२ ला बसलेल्या एका मैत्रिणीचे बाकीचे दोन्ही भाग झकास गेले आणि चोकाईत १८ आले. नापास. एका मार्कासाठी परत पुढच्या परीक्षेपर्यंत थांबली. शिवाय एक प्रश्न एक मार्क असा हिशोबच तिथे नसतो. स्केल्ड स्कोअर असतो, म्हणजे कुठल्या प्रकारचे प्रश्न बरोबर आले यावर गणित मांडून मार्क काढतात, त्यामुळे ‘चारातला एक ठोकून दिला तरी पाव मार्क पक्के’ हे जे क्लासवाले छातीठोक सांगतात ते हवेत सोडून द्या. आणि आपलं काय चुकलं हे कधीच कळत नाही. पेपर परत घेतात, उत्तरं बाहेर येत नाहीत, हातात येतात ते फक्त आकडे आणि वरवरचे ए-बी-सी शेरे. शिकणाऱ्याला याचा उपयोग काय, हे मी २०१४ पासून विचारतेय.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी रात्री बारापर्यंत टाईप करत बसलेय. ‘एन४ म्हणजे बोलता येतं.’

अहो, या परीक्षेत बोलायचं नसतंच. एन५ पासून एन१ पर्यंत एकाही लेव्हलला तोंड उघडावं लागत नाही. लिहायचंही नाही. ऐकायचं, वाचायचं आणि गोळे काळे करायचे. हे मी म्हणत नाहीये, परीक्षा घेणाऱ्यांच्याच वेबसाईटवर नेहमीच्या प्रश्नांमध्ये सरळ लिहिलंय की संभाषणाची आणि निबंधाची परीक्षा सध्या नाही. १९८४ मध्ये सुरू झाली तेव्हा जगभरातून सात-एक हजार लोक बसले होते, आता वर्षाला दहा लाखांच्या वर बसतात, वर्षातल्या दोन रविवारी एवढ्या लोकांना बोलतं करून मार्क कोण देणार, ही त्यांची अडचण मला समजते. पण मग त्या कागदावरून माणूस बोलतो असं का म्हणायचं? पोहण्याबद्दल शंभर प्रश्नांचा ऑप्शनचा पेपर पास झालेल्याला तुम्ही विहिरीत ढकलाल का?

त्यात आता त्यांनी स्वतःच आणखी एक सोय करून ठेवलीय. डिसेंबर २०२५ च्या परीक्षेपासून पास झालेल्यांच्या मार्कशीटवर युरोपियन भाषांसाठी वापरतात ती सीईएफआरची लेव्हलही, संदर्भापुरती, छापून येते. ए१ सगळ्यात खाली, सी२ सगळ्यात वर. त्यात एन४ पास म्हणजे ए२, खालून दुसरी पायरी. एन२ ला ९० ते १११ मार्क असतील तर बी१, ११२ पासून पुढे बी२. एन१, जो काढायला लोकांची वर्षं जातात, तोही १४२ च्या खाली असेल तर बी२ च, आणि १८० पैकी १८० पडले तरी सी१. सी२ त्या तक्त्यातच नाही. आणि हे सगळं ऐकण्या-वाचण्यापुरतं, बोलण्याबद्दल तिथेही काही म्हटलेलं नाही. म्हणजे परीक्षा घेणारे स्वतः एन२ वाल्याला ‘जपानी माणसासारखं’ म्हणायला तयार नाहीत आणि आमचे मामा आहेत.

माझीच गोष्ट सांगते, लाज सोडून. डिसेंबर २०१४ ला एन२ दिला, चांगल्या मार्कांनी पास झाले, पेढे वाटले, लगेच नोकरी लागली. दुसऱ्याच दिवशी टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून एक बाई भराभर बोलल्या, "ओसेवा नि नात्ते ओरिमासु," पुढे कंपनीचं नाव, आणि "तान्तोउ नो काता वा इराश्शाइमासु का?" म्हणजे काय, तर ते काम बघणारे साहेब आहेत का. बस. ‘इराश्शारु’ या क्रियापदाचे असणे, येणे, जाणे असे तिन्ही आदरार्थी अर्थ मला पाठ होते, पेपरात तो प्रश्न मी झोपेत सोडवला असता. आणि फोनवर माझ्या तोंडातून निघालं, "हाइ," म्हणजे नुसतं हो. त्या थांबल्या. मी परत म्हटलं, "हाइ." मग रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवला, होल्डचं बटण असतं हेही सुचलं नाही, आणि साहेबांना शोधायला पळाले. पुढची तीन मिनिटं त्या बाईंनी आमच्या ऑफिसातलं चहात आलं कोणी टाकलं नाही यावरचं भांडण ऐकलं. ‘शोउशोउ ओमाचि कुदासाइमासे’, जरा थांबा, हे वाक्य मला परत येताना जिन्यात आठवलं. तिथल्या एका वयस्कर जपानी सहकाऱ्यांनी काही न बोलता पाच वाक्यं कागदावर लिहून फोनला चिकटवून दिली. माझं बोलणं त्या कागदापासून सुरू झालं. सर्टिफिकेट तेव्हा घरी फ्रेममध्ये होतं.

माझं काय, चहाचं भांडण ऐकलं गेलं, एवढ्यावर निभावलं. भाचा जाणार कुठे, तर ऐंशी-नव्वद वर्षांच्या आजीआजोबांकडे. आजी सांगणार झुकि झुकि होतंय, म्हणजे ठणकतंय. चिकु चिकु म्हणजे टोचतंय, हिरि हिरि म्हणजे चुरचुरतंय. आपल्याकडे आजी "ठणका लागलाय" म्हणाली की आपण लगेच ओळखतो ना, तसंच. एन४ च्या तयारीत दुखणं म्हणजे एकच शब्द, ‘इताइ’. आणि नागोयाकडची आजी "एराइ, एराइ" म्हणेल. पुस्तकात एराइ म्हणजे थोर, शाबास. तिकडच्या बोलीत एराइ म्हणजे जीव नको झालाय, अंगात त्राण नाही. आजी घामाघूम होऊन पडलीय आणि पोरगं आपलं कौतुक झालं म्हणून मान लववून "आरिगातोउ" म्हणतंय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा आणि मग सांगा स्पोकनवर पैसे घालवू नका म्हणून. त्याला परत काहीतरी विचारता यायला हवं, कुठे, कधीपासून, जेवलात का, आणि ते संध्याकाळच्या नोंदीत चार ओळी लिहिता यायला हवं. यातलं काहीही चार ऑप्शनमध्ये येत नाही. त्या जेएफटीमध्ये ‘संभाषण’ नावाचा भाग आहे खरा, पण तिथेही संभाषण वाचून ऑप्शनच निवडायचा!

मुलाखतीत कळतंच की, असं ताईचं म्हणणं. कळतं, पण क्लासवाले त्याचीही सोय करतात. जिको शोउकाइ, म्हणजे स्वतःची ओळख, दोन मिनिटांची घोटून घेतात. नाव, गाव, आईवडील, छंद क्रिकेट. पलीकडच्याने "क्रिकेटमध्ये तुम्ही कुठल्या जागेवर खेळता?" एवढं विचारलं की पोरगं परत "माझं नाव" पासून सुरू. हे मी समोर बसून पाहिलंय, एकदा नाही.

कांजी आणि याद्या पटकन. ८०० शब्द, १५०० शब्द, ३०० कांजी असे जे आकडे फिरतात ते २०१० च्या आधीच्या जुन्या चार लेव्हलवाल्या परीक्षेचे. २०१० ला पाच लेव्हल झाल्या तेव्हापासून अशी अधिकृत यादी छापतच नाहीत. बाजारातल्या याद्या अंदाजाने केलेल्या असतात, वापरा, मीही वापरल्या, फक्त ‘सरकारी’ म्हणू नका. कांजी लिहायची गरज नाही हे अर्धं मान्य करते, कारण हल्ली जपानी लोकही टाईप करून करून हाताने लिहायला विसरलेत. पण नुसतं बघून ओळखायची सवय लागली की घोटाळे होतात. ‘वाट बघणे’ आणि ‘हातात धरणे’ या दोन कांजींचा उजवा भाग अगदी एक आहे, फरक डावीकडच्या छोट्या तुकड्यात. दहा-दहा वेळा हाताने गिरवल्याशिवाय तो डोक्यात बसत नाही, निदान माझ्या तरी बसला नाही.

आयुष्यभर चालतं: हो, सर्टिफिकेटवर एक्स्पायरी नसते. पण बऱ्याच ठिकाणी गेल्या एक-दोन वर्षांतलं मागतात. आणि भाषेला एक्स्पायरी असते.

राहता राहिलं मराठी माणसाला सोपी. हे मान्य करायला जीवावर येतंय, पण आहे त्यात तथ्य. क्रियापद शेवटी, शब्दाला मागून जोडलेले प्रत्यय, आणि ‘करून बघतो’ याला जपानीत हुबेहूब ‘शिते मिरु’, म्हणजे करून बघणेच. ‘खाऊन टाकलं’ साठी ‘ताबेते शिमात्ता’, त्यातही तोच टाकून मोकळं झाल्याचा भाव. इंग्रजीतून शिकणारे इथे धडपडतात आणि आपली मुलं एका तासात पुढे जातात. पण यावरून मुद्दा उलटा होतो ना? ज्या मुलांना वाक्य रचणं इतकं जवळचं आहे त्यांना सहा महिने गोळे काळे करायला लावायचे आणि एक वाक्य बोलू द्यायचं नाही, हा कुठला शहाणपणा.

एन४ देऊच नको असं मी भाच्याला म्हटलेलं नाही. कागद लागतोच, व्हिसाला लागतो, पुढे जपानमध्ये उच्च कुशल व्हिसाच्या पॉइंटमध्ये एन२ ला १० आणि एन१ ला १५ गुण मिळतात, मला माझी पहिली नोकरी त्या कागदानेच दिली. डिप्लोमा सोडायचा नाही एवढंच निक्षून सांगितलं. आणि म्हटलं क्लासला फोन कर आणि विचार, आठवड्यात प्रत्येक मुलाला किती मिनिटं बोलायला मिळतं. त्याने काल विचारलं. तिकडून उत्तर आलं, "पण ते परीक्षेत नाहीये ना."

ताईने शनिवारचे पैसे तूर्त थांबवलेत. मामांनी आज सकाळी जर्मनचा फॉरवर्ड टाकलाय.