बदामी की मलई?

आमच्या हॉलच्या भिंतीवर सध्या दोन चौकोन आहेत. डावा बदामी, उजवा मलई. निदान शेड कार्ड तरी तसं म्हणतं. दुकानातल्या मशीननं एकाच पांढऱ्या बेसमध्ये रंगाचे चार थेंब इकडे कमी, तिकडे जास्त टाकले आणि आमच्या घरात दुफळी माजली. आईला बदामीत गुलाबी झाक दिसते. बायकोला मलईत दवाखाना दिसतो. मला पेंटरची वाढत चाललेली मजुरी दिसते.

"मालक, दोनी येकच दिसायलेत की ओ. कुठलाबी मारतो, सांगा," पेंटरमामा म्हणाले. त्या क्षणापासून त्यांना रंगातलं काही कळत नाही, असं घरात ठरलं.

शेवटी शेजारच्या अण्णांना बोलावलं. आयुष्य सूत रंगवण्यात गेलेला माणूस. सोलापुरी चादरीतला लाल किती लाल, हे ज्यांच्या नजरेवर ठरायचं, ते अण्णा. त्यांनी आधी ट्यूब बंद करायला लावली. "दोन शेड एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात फाटतात. थेट ऊन नको, ट्यूब नको. उत्तरेच्या खिडकीपाशी बघायचं. आणि ओलं बघून बोलायचं नाही, हा रंग वाळला की गडद होतो."

आमच्या घरात उत्तरेला खिडकी एकच, बाथरूमची. मग पुठ्ठ्यांवर दोन्ही रंग मारले, वाळवले आणि सगळं कुटुंब बाथरूममध्ये उभं राहिलं. अण्णा बादलीवर पाय ठेवून म्हणाले, "फरक हाय." कुठला चांगला ते मात्र सांगेनात. चहा घेऊन गेले.

मग बायकोनंच मुद्द्याला हात घातला. सोलापूरचा मे महिना, पारा ४३ वर. हॉलची खिडकी पश्चिमेला. सकाळी दहापासून ती बंद, वर जाड पडदा, कूलर घरघरतोय. दिवसा भिंत बघणार कोण? बघायची ती रात्री, आणि रात्री आमच्या ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक एलईडीखाली बदामी, मलई, दोन्ही चुन्यासारखेच.

तिनं बदामी सांगितला. मामांनी लगेच रोलर फिरवला, कुणाचं मत बदलायच्या आत. दुसरा हात वाळल्यावर आई चष्मा पुसत भिंतीजवळ गेली.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? मलईच शोभतेय म्हणून!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा शिडीवरून म्हणाले, "व्हय की ओ आजी, मलईच हाय."