पाटी नाही, म्हणून तपासणी नाही

छोट्या कारखान्याच्या शेडच्या दारावर पाटी नाही, म्हणून कामगार खात्याच्या यादीत नाव नाही. यादीत नाव नाही, म्हणून निरीक्षक फिरकत नाही. तो फिरकत नाही, म्हणून मालकाला नोंदणीची गरज वाटत नाही. या गरगर फिरण्याला ‘मनुष्यबळाची अडचण’ असं भारदस्त नाव दिलं की फाईल बंद! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात काम करणाऱ्यांपैकी ६१ टक्क्यांहून जास्त, म्हणजे २ अब्ज माणसं, अशा बिननोंदीच्या कामात आहेत. मग वर्षभर तपासता कुणाला? ज्यांचे हजेरीपट आधीच नीट लावलेले असतात त्यांना.

आणि चुकून कधी शेडमध्ये जायचं ठरलंच, तर आधी फोन. अरे, याच संघटनेच्या १९४७ च्या ८१ क्रमांकाच्या श्रम कराराचं कलम १२ स्वच्छ सांगतं की निरीक्षकाला तपासणीच्या कक्षेतल्या कामाच्या जागी दिवसा-रात्री कधीही, पूर्वसूचना न देता शिरता आलं पाहिजे. फोननंतरच्या तासाभरात काय काय उरकतं ते ऐका. पोरं मागच्या दाराने पसार होतात. बाहेर जायच्या दाराचं कुलूप निघतं. यंत्रावर गार्ड, म्हणजे हात अडकू नये म्हणूनचं आवरण, चढतो. हातमोजे वाटले जातात, आणि त्यांच्या पाकिटातल्या घड्यासुद्धा मोडलेल्या नसतात! तरी शेरा काय? ‘सुरक्षा साधने आढळली.’

पावर प्रेसचंच घ्या, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्राचं. गार्ड का काढतात, हे कुणी विचारतच नाही. मजुरी नगावर असते आणि गार्डमुळे हात आत-बाहेर करायला वेळ लागतो, म्हणून. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची सोय असेल, तर त्यातलं एक पट्टीने बांधून टाकतात. जुन्या की-क्लचच्या प्रेसमध्ये की, म्हणजे चाकाची गती प्रेसला जोडणारी खीळ, झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली, की पेडल एकदाच दाबूनही रॅम, म्हणजे वरून दाबणारा ठोकळा, दुसऱ्यांदा खाली येतो. नेमका तेव्हा कारागिराचा हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, तयार नग काढत असतो. मोटार बंद केली तरी फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, बराच वेळ फिरत राहतं, त्यात पेडलला पाय लागला तरी बोटं गेली. म्हणून आधी पेडलवर झाकण आहे का बघा, मग की आणि स्प्रिंग शेवटची कधी बदलली ते विचारा. पण नाही. पहिला प्रश्न ठरलेला: ‘रजिस्टर दाखवा.’

बरं, रजिस्टर तरी धड बघा! महिनाभराच्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच दाबाच्या असतील तर त्या एका बैठकीत झाल्यात. पटावर ९ नावं आणि दाराशी चपलांचे २१ जोड असतील तर हिशेब करायला कॅल्क्युलेटर लागत नाही. खरा पगारपट मुकादमाच्या खिशातल्या डायरीत असतो: नग किती, उचल किती, ‘रिजेक्ट’ म्हणून कापले किती. तासाला ४० नग होत असतील आणि ६ कापले जात असतील, तर श्रम ४० चे आणि मजुरी ३४ ची. ती तासावर आणून किमान वेतनाशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

चिकटवायच्या कामात तर डोळ्यांना काही दिसतच नाही. सोल्युशनमध्ये हेक्झेन हे रसायन असेल तर त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साठते. कारागीर बसतात जमिनीवर आणि एक्झॉस्ट पंखा छताशी! पंखा आहे, म्हणून रकान्यात बरोबरची खूण. कारागिराला फक्त एवढं विचारा, पायाची बोटं बधिर होतात का, चप्पल निसटलेली कळते का. नसा खराब व्हायला लागल्याची ती खूण असू शकते.

पण विचारणार कसे? मालक खुर्ची टाकून समोर बसलेला. त्याच्यादेखत ‘काही त्रास आहे का?’ असं विचारणं म्हणजे शुद्ध फार्स. तक्रार कुठून आली हे गुप्त ठेवायचं, तक्रारीमुळे आलोय हेही मालकाला कळू द्यायचं नाही, असं त्याच श्रम कराराचं कलम १५ सांगतं. आणि हे निरीक्षक महाशय थेट तक्रारीतल्याच टेबलापाशी जाऊन उभे! दुसऱ्या दिवशी तक्रार करणाऱ्या बाईचं काम बंद. शेजारच्या चार शेडही त्याच फेरीत घ्या, प्रत्येक टेबलावर सारखाच वेळ द्या, बाहेर चहाला आलेल्यांशी बोला. एवढं डोकं चालवायला मनुष्यबळ कमी पडतं होय?

मग दंड कुणाला? सगळ्यात लहान शेडला. ती बंद होते, आठवड्यात पलीकडच्या गल्लीत उघडते आणि मधल्या मजुरीवर पाणी. दर ज्याने ठरवला, तो वरचा व्यापारी बिनबोभाट सुटतो. मालासोबतचं चलन आणि मालावरचं लेबल घेऊन वर चढत गेलात तर दोन-तीन टप्प्यांत त्याच्यापर्यंत पोचता. घरी बसून काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर हाच रस्ता धरायला हवा. उगाच कुणाच्या स्वयंपाकघरात शिरू नका, ठेकेदाराच्या वह्या उघडा. आणि यंत्र धोक्याचं असेल तर तेवढं यंत्र तिथल्या तिथे थांबवा, अख्खी शेड कशाला?

शेवटी काय, तर ‘समज देण्यात आली.’ कोणतं यंत्र, कोणता भाग, कोणत्या तारखेपर्यंत, परत कोण येणार, यातलं काहीच नाही. महिन्याने पूर्तता अहवाल येतो, सोबत चकचकीत गार्डचा फोटो. साहेब खुर्चीतूनच सही करतात. तो गार्ड नुसता टेकवलेला असतो हो, स्क्रूची भोकं फोटोतसुद्धा रिकामी दिसतात!